‘उद्या या’ एवढाच निरोप

सांगलीच्या गावभागात, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात आवडाकाकू राहायच्या. त्यांचं आडनाव काय, हे बोळातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांनी कधी विचारलं नव्हतं. माहेर आष्ट्याचं. लग्न नवव्या वर्षी झालं आणि सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. पुढे एका लांबच्या मामाच्या आधाराने सांगलीला आल्या, मामा गेला आणि त्याची मागची खोली तेवढी त्यांच्याकडे राहिली. अक्षरओळख नव्हती. हाताला मात्र अशी चव होती की साध्या आमटीसाठी लोक पानावर रेंगाळायचे.

त्यांचं काम मोठं गमतीचं होतं. त्या काळी घरातली बाई महिन्याच्या महिन्याला तीन दिवस बाजूला बसायची. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की चूल परत तिच्या ताब्यात. मधल्या दिवसांत घरातल्या पुरुषांनी आणि देवांनी काय खायचं? ज्या घरी सासू किंवा जाऊ होती त्यांचं भागायचं. ज्या घरी एकटीच बाई, तिथून आवडाकाकूंना निरोप यायचा. कुणी परकरातली मुलगी दारातूनच ओरडून जायची, “काकू, आईनं सांगितलंय, उद्या या.” एवढंच. कशासाठी हे कुणी सांगत नसे आणि काकू विचारत नसत. त्या सोवळ्यात जायच्या, रांधायच्या, वाढायच्या, दुपारी एक वेळ स्वतः जेवायच्या आणि चार दिवसांनी शेरभर धान्य पदरात घेऊन घरी यायच्या. त्यांची स्वतःची अडचण चव्वेचाळिसाव्या वर्षीच थांबली होती, त्यामुळे बाई बारा महिने हाताशी!

अशी सात-आठ घरं होती. वीस-पंचवीस वर्षं हे चाललेलं. त्यामुळे झालं काय, की बोळातल्या कुठल्या बाईची पाळी कधी येते, किती दिवस राहते, कुणाची लांबली, कुणाची लवकर आली, हे त्या त्या बाईच्या नवऱ्याला नसेल तेवढं आवडाकाकूंना माहीत होतं. कागदावर काही नाही. सगळं डोक्यात, आणि तेसुद्धा स्वयंपाकाच्या हिशेबाने. ‘नागपंचमीची दिंडं मी जोशांकडे केली’ म्हणजे जोशांची सून त्या दिवशी बाहेरची.

आणि एवढं माहीत असून काकूंच्या तोंडून चकार शब्द बाहेर पडत नसे. “एका घरचं मीठ दुसऱ्या घरच्या आमटीत पडू देऊ नये,” असं त्या म्हणत. त्यांना घरोघर बोलावणं यायचं ते चवीमुळे जेवढं, तेवढंच या मुक्या तोंडामुळे. तोंड सुटलं असतं तर चूलही सुटली असती.

या मुक्या तोंडानेच त्यांना एकदा फार मोठा चटका दिला होता.

बोळाच्या तोंडाशी किराणा मालाचं दुकान होतं, त्या दुकानदाराची बायको सुलाबाई. हसरी, गोरीपान, अडतिशीची. काकूंना दर महिन्याला तिच्याकडे चार दिवस असत. एक्केचाळीस सालच्या पावसाळ्यात चाराचे आठ झाले, मग दहा. नंतर तर एकाच महिन्यात दोनदा निरोप येऊ लागला. काकूंना नवल वाटलं, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. त्या वर्षी दोन घरं सुटली होती आणि सुलाबाईकडे पोटभर जेवण होतं. विचारायचं कशाला? सुलाबाई दिवसेंदिवस पांढरी पडत गेली. माघात तिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. काकू पेज घेऊन तिथे गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई दुकानदाराला विचारत होत्या, “अहो, सहा-सात महिने हे चाललंय. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

दुकानदार मान खाली घालून उभा होता. त्याच्या मागे पेजेची वाटी हातात धरून काकू उभ्या होत्या, आणि लक्षात आलं होतं ते त्यांच्या.

सुलाबाई पंधरा दिवसांनी गेली. काकू तेराव्याचा स्वयंपाक करून आल्या आणि दोन दिवस चुलीजवळ बसल्या नाहीत. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं ती वाटी त्यांच्या हातातून सुटली नव्हती, असंच म्हणायला हवं.

आता शकुंतलावहिनींची गोष्ट.

गंगाधरपंत दरबारात कारकून होते, आता पेन्शन घेऊन घरी बसलेले. शकुंतलावहिनी त्यांची पत्नी, वय चोपन्न. बाई कडक. पापड वाळत घातले तर ओळीने घालणार, वाकडा पडलेला उचलून परत घालणार. बेचाळीस सालापासून त्यांना अडचण येणं थांबलं. थांबण्याआधीचं वर्ष-दीड वर्ष निरोपांचा ताळमेळ नव्हता, कधी महिन्यात, कधी तीन महिन्यांनी. पण ते त्या वयाला साजेसंच होतं. जवळजवळ दोन वर्षं गेल्यावर वहिनींनी थाटात ऋषिपंचमीचं उद्यापन केलं. त्या दिवसांत कळत-नकळत शिवाशिव झाली असेल तर त्याचा दोष जावा म्हणून बायका हे व्रत करतात, आणि विटाळाची कटकट कायमची मिटली की त्याचं उद्यापन. ऋषीची भाजी काकूंनीच केली होती. वहिनी त्या दिवशी म्हणाल्या होत्या, “सुटले हो, आवडाबाई. आता देवघरात केव्हाही जायला मोकळी.”

पुढे त्यांचा मुलगा चिंतामण याचं लग्न झालं, विनोदिनी सून म्हणून आली. ती बाजूला बसली की सासू चूल सांभाळी. काकूंचं ते घर सुटलं ते सुटलंच.

सेहेचाळीस सालच्या पौषात विनोदिनी पहिल्या बाळंतपणाला फलटणला माहेरी गेली, आणि रथसप्तमीच्या आदल्या दिवशी त्या घरून निरोप आला, “उद्या या.”

काकू गेल्या तर वहिनी ओसरीवर बसलेल्या. “पाठ धरलीय,” म्हणाल्या. “चार दिवस चुलीपुढं बसवणार नाही.” पाठ धरते माणसाची. काकूंनी दुधाची खीर केली आणि रेशनवरच्या त्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी अशा थापल्या की गंगाधरपंतांनी दुसरी मागून घेतली.

महाशिवरात्रीला परत निरोप, परत पाठ. काकूंनी रताळ्याचा कीस केला. मग होळीला. आता मात्र काकूंच्या मनात पाल चुकचुकली. पुरणपोळीचा स्वयंपाक आणि वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येईनात! पंतांच्या पूजेची फुलं चिंतामण काढून देत होता. वहिनींच्या चेहऱ्यावर तकाकी नव्हती, आणि कोपऱ्यात धने-जिऱ्याचं पाणी झाकून ठेवलेलं होतं.

चौथ्या दिवशी काकूंनी पानं मांडली आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, “वहिनी, लोणच्याची बरणी तेवढी सरकवता का इकडे? तुमच्या हाताशीच आहे.”

बरणी माजघरातल्या फडताळात होती, वहिनींच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. वहिनींचा हात पुढे झाला आणि तापलेल्या तव्यावरून ओढावा तसा मागे आला. “तुम्हीच घ्या,” त्या म्हणाल्या आणि उठून मागच्या दारी गेल्या.

पाठ दुखते म्हणून कुणी लोणच्याला शिवायचं थांबत नाही. त्या दिवसांत शिवलं की लोणचं नासतं म्हणतात, म्हणून वहिनींनी शिवलं नाही. लबाडी करायला निघालेली बाई लोणच्याशी काही लबाडी करू शकली नाही! काकूंना हसू आलं असतं, पण डोळ्यांपुढे सुलाबाई उभी राहिली.

पंक्ती उठल्यावर त्या मागच्या दारी गेल्या. वहिनी धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या.

“किती दिवसांपासून आहे?”

“काय?”

“वहिनी, माझ्यापाशी कशाला?”

वहिनी आधी रागावल्या आणि मग रडल्या. संक्रांतीनंतर सुरू झालं होतं. पहिल्यांदा नुसता डाग, मग दोन-दोन दिवस, आता आठवडा. “उद्यापन झालेल्या बाईला परत विटाळ! तुम्ही ऐकलंय कधी? माझ्याच हातून काहीतरी चुकलं. दीड वर्ष मी देवघरात वावरले, नैवेद्य केले. ऋषी कोपले. मी सोमवार धरलाय, शनिवार धरलाय. कुणाला सांगू नका, तुम्हाला गळ्याची शपथ आहे.”

म्हणजे अंगातलं रक्त चाललेलं आणि वर आठवड्याचे दोन उपास.

“वहिनी, पाळी एकदा वर्षभर थांबली की परत येत नसते. परत येतं ते निराळं. तो विटाळ नव्हे, ते दुखणं आहे. सुलाबाई—”

“सुलाबाईचं नाव माझ्या दारात काढू नका!” वहिनी ताडकन उठल्या. “स्वयंपाकाला बोलावलं, स्वयंपाक करा. आणि उद्यापासून तोही नको.”

काकू घरी आल्या. बोळातलं सगळ्यांत दांडगं घर हातचं गेलं होतं. त्यातून शपथ घातलेली. वहिनींचं एका अर्थी खरंच होतं. कुणी विचारलं नसताना बोलणारी स्वयंपाकीण उद्या कोण घरात घेईल? काकू आठ दिवस गप्प बसल्या. आणि बारा-तेरा दिवसांनी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, वहिनींनी नाइलाजाने निरोप धाडलाच. त्यांना आता उभंही राहवत नव्हतं. पाडव्याला श्रीखंडाचा चक्का फेटता फेटता काकूंचा हात थांबला. ओसरीवर वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांचे ओठ गुढीच्या कापडासारखे पांढरे होते.

काकूंनी चक्क्याचं भांडं खाली ठेवलं, हात धुतले आणि माजघराच्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे गंगाधरपंत पंचांग बघत होते. आयुष्यात त्या परक्या पुरुषाशी ‘भात वाढू का’ याच्यापुढे बोलल्या नव्हत्या.

“पंत,” त्या म्हणाल्या. “वहिनींना मिरजेला न्या. कशासाठी ते मला तुमच्यापुढे बोलता येत नाही. सुलाबाई ज्या वाटेने गेल्या त्याच वाटेवर वहिनी चालल्यात. मला तेव्हा दिसलं होतं आणि मी बोलले नव्हते. आता मला घातलेली शपथ मोडली. त्याचं पाप मला लागू दे.”

पंतांनी पंचांग मिटलं. मग एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी टांगा सांगतो. तुम्हीही बरोबर चला.”

सकाळी हरिबाचा टांगा दारात उभा राहिला. पंत पुढे बसले. वहिनी मागे बसल्या, शेजारी काकू. वहिनींनी तोंड फिरवून घेतलं ते मिरज येईपर्यंत. हरिबा घोड्याला आवरून मागे बघायचा, “काकू, वैनीसायबांस्नी घट धरून बसा म्हनावं. रस्ता लय वंगाळ हाय. दमानं हाकतो मी.”

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. चष्म्याआडून त्यांनी वहिनींना विचारलं, “पाळी बंद कधी झाली? मग परत रक्त कधी दिसलं? किती दिवस?”

वहिनी म्हणाल्या, “सगळं वेळच्या वेळी आहे. पाठ दुखते फक्त.”

डॉक्टरीणबाई काकूंकडे वळल्या. काकूंनी एकदा वहिनींकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. “बेचाळीस साली दसऱ्याच्या कडाकण्या मी तळल्या, त्या शेवटच्या. त्यानंतर एक उद्यापन सोडलं तर तीन वर्षं मला बोलावणं नाही. यंदा रथसप्तमीला खीर केली, तेव्हा तीन दिवस होते. शिवरात्रीला कीस केला, तेव्हा पाच. मध्ये बावीस-तेवीस दिवस गेले असतील. होळीला पुरणपोळ्या केल्या, तेव्हा मध्ये पुरते सतरासुद्धा नव्हते. मला चौथ्या दिवशी घालवलं, पण त्या आठ दिवस देवळात दिसल्या नाहीत. आणि काल श्रीखंड. आता मध्ये सोळासुद्धा नाहीत.”

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबून त्यांनी विचारलं, “तुम्ही कुठे शिकलात?”

“छे हो! मी रांधते.”

“माझ्याकडे बायका येतात त्यांना मागच्या महिन्याचं आठवत नाही. तुम्ही मला चार वर्षांचं सांगितलंत.” मग त्या वहिनींकडे वळल्या आणि आवाज मऊ करून म्हणाल्या, “आई, लाजू नका. यात तुमची काही चूक नाही, देवाचाही कोप नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब दिसला तरी ते दाखवायचं असतं. तुम्ही तीन महिन्यांत आलात. वर्षाने आला असतात तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक.”

वहिनी खाली बघत राहिल्या. पण बाकावरून त्यांचा हात सरकत आला आणि काकूंच्या सोवळ्याच्या तांबड्या आलवणाला शिवला. काकू मागे सरकल्या नाहीत.

गर्भाशयात वाईट गाठ होती, पण पिशवीबाहेर पसरलेली नव्हती. पिशवी काढावी लागली. पाच आठवडे वहिनी मिरजेला होत्या आणि काकू दवाखान्यामागच्या धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडून त्यांना मऊ भात रांधून घालत होत्या. संध्याकाळी डॉक्टरीणबाई फेरीला येत तेव्हा काकू त्यांना अडवून विचारायच्या. कोवळ्या मुलीचं दोन-दोन महिने चुकतं ते? पोक्त बाईचं आठ दिवस चालतं ते? डॉक्टरीणबाई उभ्या उभ्या सांगायच्या. न्हाण आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होणारच, घाबरू नका. पुढे कुणाची एकवीस दिवसांनी येईल, कुणाची पस्तीस, ज्याची त्याची चाल असते. पण नेहमीची चाल अचानक मोडली तर बघा. आठ दिवसांवर चाललं, घडीवर घडी भिजायला लागली, गाठी पडल्या, उठताना अंधारी आली, मधल्याच दिवसांत डाग दिसला, दिवस गेलेले नसताना तीन महिने आलीच नाही, तर घरात बसू नका. काकूंनी ते सगळं पाककृतीसारखं पाठ केलं. काय किती घ्यायचं आणि कुठल्या क्षणी भांडं उतरवायचं, हे त्यांना एकदा ऐकलं की पुरायचं.

परत येताना टांगा हरिबाचाच. वहिनी गादीवर टेकून बसल्या होत्या. वाटेत हरिबा दोनदा खाकरला आणि मागे न बघता म्हणाला, “काकू, एक इचारू का? आमच्या कारभारनीला, अंजनाला बी दर खेपंला धा-धा दिस जात्यात. उटली की गरगरतंय म्हनती. आमी म्हनलं, बाईमानसाचं चालायचंच.”

काकू उत्तर देणार तोच वहिनी बोलल्या. “चालायचं नाही, हरिबा. सोमवारी तिला घेऊन या आणि काकूंपुढे बसवा. मग याच टांग्यातून तिला मिरजेला न्या.”

अंजनाच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. औषधाने दोन-तीन महिन्यांत ती हिंडूफिरू लागली. त्यानंतर बोळात एक नवीनच चाल पडली. ‘उद्या या’ म्हणून निरोप आला की काकू त्या पोरीला थांबवून विचारायच्या, “आईला म्हणावं, मागच्या खेपेला अमुक दिवशी होतं. यंदा एवढ्या लवकर का?” पहिल्यांदा बायका बिचकल्या. दोन घरं तुटलीसुद्धा. मग नदीवर धुणं धुताना एकेक बाई त्यांच्याशेजारी दगड धरू लागली आणि हळू आवाजात विचारू लागली. काकूंचं तोंड सुटलं होतं, पण एका बाईचं दुसरीला त्या तरीही सांगत नसत.

भाद्रपद आला. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी निरोप घेऊन परकरातली मुलगी नव्हे, स्वतः विनोदिनी दारात आली. तिच्या कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. “काकू, सासूबाईंनी सांगितलंय, उद्या या.”

काकूंना वाटलं, व्रताच्या स्वयंपाकाला बोलावलं असेल. त्या सकाळी सोवळ्यात, डोक्यावर पदर घेऊन हजर झाल्या. पाहतात तो चूल पेटलेली, ऋषीची भाजी शिजून उतरवलेली आणि माजघरात एकच पाट मांडलेला.

“बसा,” शकुंतलावहिनी म्हणाल्या.

“अहो, मी? आधी पंक्ती उठू देत. मी वाढते.”

“पंचवीस वर्षं वाढलंत. आज बसा.”

सुवासिनींच्या आधी, पुरुषांच्याही आधी, एका आलवणातल्या बाईला पाटावर बसवायचं हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. गंगाधरपंत ओसरीवर पंचांगात डोकं घालून बसले होते, म्हणजे त्यांची संमती होती. काकू बसल्या. वहिनींनी भाजी वाढली, वरीचा भात वाढला. मग फडताळाकडे गेल्या, लोणच्याची बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून आणली आणि स्वतःच्या हाताने फोड काढून काकूंच्या पानात डावीकडे वाढली.

“नातीचं तोंड बघितलं,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही शपथ मोडलीत म्हणून बघितलं. तुमचे उपकार मी फेडणार नाही, आवडाबाई. फेडून मोकळी व्हायचीच नाही मला.”

काकूंनी पानातली थोडी भाजी आणि ती लोणच्याची फोड केळीच्या तुकड्यावर काढली आणि पाटाशेजारी ठेवली.

“हे कुणाला?” वहिनींनी विचारलं.

“सुलाबाईंना. त्यांच्यामुळे तुम्ही राहिलात,” आवडाकाकू म्हणाल्या, आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा पोटभर जेवल्या.